बेडरूमच्या भिंतीला एसीच्या पाण्याने बुरशी धरली आहे, आधी काय करू?

अबोली | १६ जून, रात्री १०:४०

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर सल्ला घेऊन दोनदा पैसे गेले आहेत.

आम्ही ठाण्यात राहतो, नवव्या मजल्यावर. मुलाच्या बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, चार वर्षांपूर्वी बसवलेला. इंटिरियरच्या वेळी कॉपर आणि ड्रेन दोन्ही पाइप भिंतीत खाच मारून आत घेतले, वरून पुट्टी आणि रंग. पाइप भिंतीतूनच पुढे ड्राय बाल्कनीत निघतो. एसीच्या डाव्या बाजूला, भिंतीला अगदी चिकटून, प्लायचं कपाट.

मागच्या ऑक्टोबरमध्ये कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला. शाळेच्या युनिफॉर्मच्या घडीवर करडे ठिपके दिसले. कपाट ओढून पाहिलं तर मागच्या भिंतीवर काळपट-हिरवा डाग, हातभर रुंद आणि कमरेइतका उंच, आणि पुट्टी फुगून पापडासारखी सुटलेली. बोट लावलं की भुगा पडायचा. पेंटर म्हणाला, ओल आहे, खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी मारतो. मारली. दिवाळीपासून होळीपर्यंत भिंत छान होती. मार्चमध्ये कोपऱ्यात पुन्हा दिसलं. त्याने पुन्हा हात मारला, या वेळी बुरशी धरत नाही म्हणून सांगितलेला महागडा रंग. आता मे संपायच्या आत डाग परत आला, आधीइतकाच मोठा.

एसीच्या सर्व्हिसला माणूस येऊन गेला. फिल्टर धुतले, "ड्रेन ओके आहे मॅडम" म्हणाला. कधीतरी रात्री इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून दोन-चार थेंब पडतात, तेवढंच.

खरी काळजी वेगळी आहे. मुलगा सात वर्षांचा. दोन महिने रात्री कोरडा खोकला. मे महिन्यात पंधरा दिवस साताऱ्याला आजीकडे होता, तिथे एकदाही खोकला नाही. परत आला आणि तिसऱ्या रात्री सुरू. औषध चालू आहे.

आधी एसीवाला बोलवू, वॉटरप्रूफिंगवाला की पुन्हा पेंटर? आणि ही बुरशी कितपत धोक्याची?

पारिजात | १६ जून, रात्री ११:०५

बाकी काहीही नंतर. आज रात्रीपासून लेकराला दुसऱ्या खोलीत झोपवा. त्या कपाटातले त्याचे कपडे, पांघरुणं बाहेर काढा, गरम पाण्यात धुवा. आमच्याकडे हे झालंय, म्हणून जीव तोडून सांगतेय.

गारवा | १७ जून, सकाळी ७:२०

ताई, मी एसीचंच काम करतो, २२ वर्षं झाली. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. दिवाळीनंतर एसी बंद, भिंत कोरडी. मार्चमध्ये एसी लागला, डाग आला. मार्च-एप्रिलमध्ये ठाण्यात पाऊस नसतो. म्हणजे हे पावसाचं पाणी नाही, एसीचं आहे. वॉटरप्रूफिंगवाल्याला आत्ता बोलावू नका.

एसी किती पाणी काढतो याची लोकांना कल्पना नसते. आपल्याकडच्या दमट हवेत दीड टनाचं मशीन तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतं. रात्रभर चाललं तर बादलीभर. त्यातला दहावा हिस्सा भिंतीत मुरला तरी रोज रात्री लिटरभर पाणी भिंतीला पाजल्यासारखं झालं. त्यावर कुठली पुट्टी टिकणार?

पाणी भिंतीत जायच्या वाटा मी रोज बघतो त्या अशा. सगळ्यात जास्त वेळा ड्रेन तुंबलेला असतो. कॉइलवरची धूळ पाण्याबरोबर ट्रेमध्ये येते, तिथे अंधार आणि ओलावा, त्यातून बुळबुळीत जेलीसारखा गोळा तयार होतो आणि पाइपच्या तोंडाशी बसतो. पाइपच्या बाहेरच्या टोकाला कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही बऱ्याचदा सापडतं. पाणी तुंबलं की ट्रे भरतो आणि मागच्या बाजूने भिंतीवर उतरतं. तुम्हाला पुढे दोन थेंब दिसतात, मागे धार लागलेली असते.

दुसरं, उतार. ड्रेनला मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार पाहिजे, सलग. भिंतीत घालताना मऊ, घडीचा पाइप वापरतात, तो मध्ये लोंबतो, त्या पोटात पाणी कायम उभं राहतं. जोड असेल तर तिथून झिरपतं.

तिसरं कोणी बघतच नाही. गॅसची जाड कॉपर नळी थंडगार असते, फ्रिजमधल्या बाटलीसारखी. तिच्यावरचा काळा फोम एखाद्या वळणावर फाटला किंवा लावायचाच राहिला, तर ती नळी भिंतीच्या आत घामेजते. पाइप कुठेही फुटलेला नाही, ड्रेनही मोकळा, आणि तरी भिंत ओली.

फिल्टर चोक असेल किंवा गॅस कमी असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीन बंद झाल्यावर एकदम वितळून ट्रेबाहेर पडतो. तुमचे फिल्टर धुतलेत, तेव्हा याची शक्यता कमी.

सर्व्हिसवाला "ड्रेन ओके" म्हणाला, म्हणजे त्याने बाहेर पाणी पडताना पाहिलं. किती पडलं, हे पाहिलं नाही. तुम्ही मोजा. एमसीबी बंद करा. कोणाला तरी स्टुलावर उभं करून कॉइलखालच्या ट्रेमध्ये बरोबर एक लिटर पाणी हळूहळू ओतायला सांगा, त्यात केकमध्ये घालतात तो हिरवा रंग थोडा टाका. बाल्कनीत पाइपाखाली बादली ठेवा. अर्ध्या तासाने मोजा. ट्रेमध्ये थोडं पाणी राहतं, तेव्हा ९०० मिली आलं तरी ठीक. त्याहून बरंच कमी आलं तर उरलेलं कुठे गेलं ते भिंत सांगेल. इलेक्ट्रिक भागावर पाणी जाऊ देऊ नका, जमत नसेल तर मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या.

उंबरठा | १७ जून, सकाळी ९:४८

गारवा यांच्याशी पूर्ण सहमत. मी सिव्हिलवाला. माझी भर भिंतीपुरती.

अबोलीताई, आधी खात्री करा की हे सगळं बुरशीच आहे. पांढरा, कापसासारखा किंवा मिठासारखा थर असेल तर तो लोणा असू शकतो. त्यावर पाण्याचा थेंब टाका. लोणा क्षार असतो, विरघळतो. बुरशी विरघळत नाही, फक्त ओली होऊन चपटी बसते. काळा-हिरवा डाग आणि कुबट वास म्हणजे बुरशी नक्की, पण तुमच्याकडे दोन्ही असायची शक्यता आहे, कारण दोन्हींना पाणीच लागतं.

दुसरी परीक्षा. डागाशेजारच्या भिंतीवर फूट-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. एक दिवसाने बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव धरलं तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीच्या हवेतला ओलावा गार भिंतीवर बसतोय. इलाज दोन्हींचे वेगळे.

हा दुसरा प्रकार पावसाळ्यात फार होतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो. म्हणजे २७ च्या खालचा कुठलाही पृष्ठभाग घामेजणार. लोक १८ वर एसी लावतात, खोली गार झाली की खिडकी उघडतात, बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागते. कपाटामागे वारा फिरत नाही, तिथे ते पाणी सुकतच नाही. २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांचं केलंय ते विजेसाठी, पण भिंतीलाही तेच मानवतं.

रंग आणि पुट्टी आत्ता विसरा. प्लास्टर पूर्ण सुकल्याशिवाय वर काहीही मारलंत तर ओल आत कोंडते. वॉटरप्रूफ पुट्टी बाहेरून येणारं पाणी अडवेल हो, पण तुमचं पाणी भिंतीच्या आतच आहे.

झुळूक | १७ जून, दुपारी १:१५

एवढं कशाला? ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून स्प्रे मारा, एका दिवसात डाग गायब. मी बाथरूममध्ये करते.

श्वास | १७ जून, दुपारी १:४०

झुळूक, कृपया हे पुन्हा करू नका, आणि इतरांनीही वाचून करू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू होतो. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं, तेही ब्लीचबरोबर नको. एका वेळी एकच वस्तू, खिडकी उघडी ठेवून.

मी छातीविकारांची डॉक्टर आहे. मुलाला न तपासता निदान सांगणार नाही. पण अबोली, "आजीकडे बरा, घरी आल्यावर तिसऱ्या रात्री खोकला" ही माहिती तुमच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. औषधाच्या यादीपेक्षा ती जास्त कामाची आहे. रात्रीचा कोरडा खोकला मुलांमध्ये दम्याचं एकमेव लक्षणही असू शकतं. घरात कोणाला दमा, ऍलर्जी, एक्झिमा असेल तर तेही सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं सरळ आहे: ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ऍलर्जी आणि दमा यांचं प्रमाण जास्त असतं, आणि किती बीजाणू चालतील असा सुरक्षित आकडा देता येत नाही. म्हणून हवेची तपासणी, बुरशीची जात ओळखणं यावर हजारो रुपये घालवू नका. दिसतेय, वास येतोय, एवढं पुरे. काढायचीच आहे.

आणखी एक, कारण ओपीडीत हे रोज विचारतात. २०२१ मध्ये करोनानंतर ज्याला "काळी बुरशी" म्हणत होते तो म्युकरमायकोसिस. तो प्रामुख्याने साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचे काळे डाग बहुधा वेगळ्याच बुरशांचे असतात. रंगावरून घाबरू नका. मात्र घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल, अवयवरोपण झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर त्यांना त्या घरात ठेवूनच साफसफाई करू नका.

झुळूक | १७ जून, दुपारी २:०२

खरंच माहीत नव्हतं. डोळे चुरचुरायचे, मला वाटायचं ब्लीचचा वास उग्र आहे. धन्यवाद डॉक्टर. आजपासून बंद.

चिरेबंदी | १७ जून, सायंकाळी ६:३०

डिचोलीहून लिहितोय. आमचं घर चिऱ्यांचं, आजोबांच्या वेळचं. पाच वर्षांपूर्वी एका खोलीला एसी लावला आणि चुना काढून प्लास्टिक इमल्शन मारलं. पहिल्याच पावसात रंग फुग्यांसारखा आला. फुगा फोडला की आतून पाणी. चिरा पाणी पितो आणि सोडतो, त्याला श्वास घ्यायला लागतो. रंगाने तोंड बंद केलं.

शेवटी सगळं खरवडून परत चुन्याचे तीन हात मारले. चुना भयंकर अल्कधर्मी, बुरशीला तो मानवत नाही, आणि ओल बाहेर पडायला वाटही राहते. दरवर्षी गणपतीआधी एक हात मारावा लागतो, हाताला थोडा लागतो, पण चार पावसाळे डाग नाही. फ्लॅटच्या भिंतीलाही कपाटामागे, जिथे कोणी बघत नाही, तिथे चुना मारायला काय हरकत आहे? बघा विचार करून. मात्र नळी गळत असेल तर चुनाही काही करणार नाही.

कपाटात आई कोळसा ठेवायची. आता मी ओलावा शोषणारे खड्यांचे डबे ठेवतो, बंद कपाटात ते चालतात, उघड्या खोलीत नाही. महिन्याभरात डब्यात पाणी जमतं, ते कपड्यांवर सांडू देऊ नका.

आखाती | १८ जून, रात्री १२:१०

दुबईत १५ वर्षं आहे. इथे उलटी गंमत दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीला भारतात जाताना नवे लोक बिल वाचवायला एसी पूर्ण बंद करून जातात. महिन्याने दार उघडलं की चामड्याच्या चपला, सोफा, सुटकेस, सगळ्यावर हिरवट लव. गळती नसतानाही. जुने लोक २६-२७ वर लावून जातात. हवेतलं पाणी काढणं हे एसीचं मूळ काम आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने पहिलं यंत्र ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी केलं ते दमटपणाने कागद आक्रसायचा-फुगायचा म्हणून. म्हणून अबोलीताई, गळती दुरुस्त झाली की हाच एसी तुमची भिंत सुकवायला वापरा.

अबोली | १९ जून, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगा परवापासून हॉलमध्ये झोपतोय.

आज मोजलं. मेकॅनिक दुसरा बोलावला, तो चांगला निघाला, न कंटाळता थांबला. एक लिटर हिरवं पाणी ट्रेमध्ये ओतलं. अर्ध्या तासाने बादलीत ४०० मिली. तासाभराने ४२०. सासऱ्यांनी मापाने तीनदा मोजलं. अर्ध्याहून जास्त पाणी वाटेत गेलं!

प्लास्टिक कालच लावलं होतं. आतल्या बाजूला, भिंतीकडे, बारीक थेंब. आणि आत्ता, लिहायच्या आधी टॉर्च भिंतीला आडवा धरून पाहिला: सुटलेल्या पुट्टीच्या खाली फिकट हिरवी रेघ, कपाटाच्या मागे, तिरकी उतरत गेलेली. ऑक्टोबरपासून आम्ही ज्याला ओल म्हणत होतो ती त्या पाइपाच्या रस्त्यानेच जात होती.

आता भिंत फोडायची? की पाइप तसाच सोडून नवा बाहेरून घ्यायचा?

गारवा | १९ जून, रात्री १०:३०

दोन्ही. नवा ड्रेन बाहेरून घ्या, कडक पीव्हीसीचा, भिंतीवर दिसू दे. दिसणारा पाइप गळला तर त्याच दिवशी कळतं. वर पांढरी पट्टी-केसिंग लावली की वाईट दिसत नाही. पण खाच उघडाच, कारण कॉपर आतच आहे आणि त्याचा फोम बघितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शेवटचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका, हवा अडते आणि पाणी मागे येतं. बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनला थेट जोडू नका, गटाराचा वास उलटा खोलीत येतो.

ब्लोअर पण बघा. पंख्याच्या रोलवर काळे ठिपके असतील तर साध्या सर्व्हिसने जात नाहीत, कव्हर उतरवून पंपाने धुवावं लागतं. नाहीतर भिंत स्वच्छ करून एसीतून तीच बुरशी खोलीत फुंकाल.

ह्यूस्टनकर | २० जून, सकाळी ६:१५

इथे घरोघरी सेंट्रल एसी, मशीन माळ्यावर, आणि दमटपणा मुंबईचाच. ड्रेन तुंबला तर पाणी छतातून खाली येतं. म्हणून दोन गोष्टी केलेल्या असतात. मशीनखाली दुसरा मोठा ट्रे, आणि त्याचा पाइप मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर सोडतात. खिडकीसमोर पाणी ठिबकायला लागलं की समजायचं, मुख्य ड्रेन गेला. शिवाय ट्रेमध्ये पाणी चढलं की मशीन आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच. मी दर महिन्याला ड्रेनमध्ये कपभर साधं व्हिनेगर ओततो, तेवढ्याने तो बुळबुळीत थर धरत नाही. फक्त व्हिनेगर, दुसरं काही नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंय तसं.

मोगरा_पुणे | २० जून, सकाळी ११:२०

थोडं विषयाच्या बाजूचं आहे, पण विचारते. आमच्या वरच्यांच्या एसीचा पाइप आमच्या छज्जावर टपटपतो आणि त्या भिंतीला आतून ओल आली आहे. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा.

उंबरठा | २० जून, दुपारी १२:०५

मोगराताई, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या भिंतींमधून होणारी गळती, पावसाच्या पाण्याची सुद्धा, सोसायटीच्या दुरुस्तीच्या यादीत आहे. पण एका सभासदाच्या एसीचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडत असेल तर तो पाइप नीट करणं त्या सभासदाचं काम, आणि तसं त्याला लेखी सांगणं कमिटीचं. आधी वर जाऊन नीट बोला, दोन मीटर पाइपाचा प्रश्न आहे. नाही ऐकलं तर फोटो लावून कमिटीला पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

अबोलीताईंसाठी, खाच उघडायच्या दिवसाबद्दल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ढोबळ नियम आहे की १० चौरस फुटांपेक्षा कमी डाग घरच्या घरी साफ करता येतो. तुमचा तेवढ्यात बसतो. मुलगा आणि सासूसासरे घरात नसताना करा. पंखा बंद, एसी बंद, दाराखाली ओला टॉवेल, खिडकी उघडी. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. कोरडा ब्रश अजिबात मारू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा, भिंत ओली करून मग पत्रीने पुट्टी पार प्लास्टरपर्यंत काढा. फुगलेल्या भागाच्या कडेने आणखी वीतभर जास्त काढा. तो कचरा तिथल्या तिथे जाड पिशवीत बांधून थेट खाली.

पुट्टी, पीओपी सच्छिद्र असतात. ब्लीचने वरचा रंग उडतो, डाग गेल्यासारखा वाटतो, पण आतली मुळं राहतात आणि ब्लीचबरोबर गेलेलं पाणी त्यांनाच मिळतं. टाइल्सवर ब्लीच ठीक, भिंतीवर खरवडणं हाच इलाज. कपाटाची मागची पट्टी फुगली असेल तर वाचवायला जाऊ नका.

अबोली | २३ जून, रात्री ११:२०

आज खाच उघडली. सकाळी दहाला सुरुवात, दुपारी तीनला संपलं.

गारवादादा, तुम्ही म्हणालात ती दोन्ही कारणं निघाली. ड्रेनचा पाइप घडीचा, आणि भिंतीच्या मधोमध दोन तुकडे एकात एक नुसते खुपसून वर काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. टेप हातात आली तशी निसटली, गोंद केव्हाच गेलेला. जोडाच्या अलीकडे पाइप लोंबून पोट आलेलं, त्यात करडी जेली. आणि त्याच्यावर, कॉपर जिथे वळते तिथे, वीतभर फोमच नाही. वळवताना कापला असणार आणि पुन्हा लावलाच नाही. पाच मिनिटं एसी चालू करून पाहिलं. उघड्या नळीवर आधी धूसरपणा आला, मग थेंब, मग थेंब एकमेकांत मिसळून खाली विटेवर. वीट ते लगेच पीत होती. मी तिथेच बसून बघत राहिले. माझं लेकरू याच भिंतीला डोकं लावून झोपायचं.

कपाटाची मागची पट्टी पूर्ण काळी, फेकली. गादी पण. जीवावर आलं, पण डॉक्टरांशी बोलणं झालं आणि नंतर विचार केला नाही. डॉक्टरांनी इनहेलर सुरू केलाय, तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले.

नवा फोम, नवा कडक पाइप, भिंतीवरून. आता भिंत किती दिवस उघडी ठेवायची?

उंबरठा | २४ जून, सकाळी ८:३०

दिवस मोजू नका, प्लास्टिक लावून बघत राहा. पावसाळा आहे, वेळ लागणार. दार-खिडकी बंद करून एसी ड्राय मोडवर दिवसातून चार-पाच तास, आणि भिंतीकडे तोंड करून टेबलफॅन. बुरशी पूर्ण काढून झाली आहे म्हणून आता पंखा चालेल. एक साधं आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या. आकडा ६० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. एकीकडे खिडकी उघडी आणि एकीकडे ड्राय मोड, असं करू नका.

पारिजात | २४ जून, सकाळी ९:१०

तो टेपचा जोड वाचून मी आमच्या हॉलमधल्या एसीकडे बघत बसलेय. आमचेही पाइप भिंतीतच आहेत. रविवारी एक लिटरची परीक्षा करणार.

पारिजात | २९ जून, दुपारी ४:००

केली. ९३० मिली आलं. हायसं वाटलं.

अबोली | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, म्हणून लिहिते.

भिंत संपूर्ण पावसाळा उघडी ठेवली. जुलैच्या मध्याला प्लास्टिक लावलं, दव आलं. ऑगस्टमध्ये पुन्हा लावलं, अगदी थोडं, खालच्या कोपऱ्यात. गणपतीत पाहुण्यांनी विचारलं की काम अर्धवट का सोडलंय, त्यांना सगळी कथा सांगितली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस प्लास्टिक ठेवलं, पूर्ण कोरडं. खोलीतला आकडा सुरुवातीला ७८ होता, ड्राय मोडवर ५६-५८ पर्यंत यायचा.

दर्शनी भागाला नवी पुट्टी आणि साधा रंग. कपाटामागच्या भागाला चिरेबंदी यांनी सांगितला तसा चुना, दोन हात. पेंटरला आधी पटत नव्हतं, मग त्यानेच आठवण काढली की त्याचे वडील हेच काम करायचे. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे आहे आणि मागच्या पट्टीला खाली-वर जाळी ठेवली आहे. झोपायच्या आधी एसी बंद करताना पंधरा मिनिटं नुसता फॅन मोड लावतो, कॉइल सुकते.

मुलगा गेल्या महिन्यात आपल्या खोलीत परत झोपायला गेला. खोकला नाही. इनहेलर अजून चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा बंद.

पाइप भिंतीवर दिसतो. ड्राय बाल्कनीत त्याच्याखाली पाच लिटरची बरणी ठेवली आहे, टोक पाण्याच्या वर राहील अशी. मुलगा रोज सकाळी बरणीवरची रेघ बघून कॅलेंडरवर आकडा लिहितो. काल रात्री तीन तास एसी चालला, साडेतीन लिटर.